दोन माणसांचा राष्ट्रीय संघ

बहारीनमध्ये अपंगांच्या बर्फावरील क्रीडाप्रकारांची मुहूर्तमेढ एका वसईकराने रोवली. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. त्या बेटावर बर्फ पडत नाही, त्यामुळे ही मुहूर्तमेढ रोवायला दुसरं कोणी उत्सुक नव्हतं, एवढी पुस्ती मात्र जोडायला हवी.

वसईकराचं नाव इनास तुस्कानो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी मनामातल्या एका जहाज एजंटाच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळत होतो. म्हणजे दुसऱ्यांना जे म्हणायचं असे, ते मी इंग्रजीत म्हणत असे. अदलियातल्या एका बैठ्या घराच्या दोन खोल्या मालकाने भाड्याने दिल्या होत्या. एकीत मी, दुसरीत इनास. मधली भिंत इतकी पातळ होती की त्याच्या खोलीतलं सगळं मला ऐकू यायला हवं होतं. येत काहीच नसे, कारण इनास बोलत नसे.

त्याला बोलता येत नव्हतं असं नाही. गरज वाटत नव्हती. मासळी घेताना तो माशाकडे बोट दाखवी, मग पैशांकडे. पत्नी फिलू वसईला होती. तिला दर महिन्याला पत्र जाई, त्यात ‘मी बरा आहे, तू बरी अस’ आणि खाली सही. ‘चालतं ना? मग झालं,’ हे त्याचं सर्वांत लांब वाक्य. ते तो दुरुस्त केलेल्या घड्याळाबद्दल म्हणे, माझ्या गाडीबद्दल म्हणे, एकदा सरकारबद्दलही म्हणाला होता. मुळात ते वाक्य त्याच्या धंद्यातलं. एका इस्पितळाच्या कार्यशाळेत तो कुबड्या, कॅलिपर आणि लाकडी पाय बनवायचा. पाय बसवून झाला की समोरच्याला दहा पावलं चालायला लावायचा आणि तेवढंच विचारायचा.

त्याचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता, अर्थात स्वतः केलेला. मूळ पाय कुठे गेला याच्या तीन कथा भारतीय मंडळींत प्रचलित होत्या. एकीत गोदीतली क्रेन होती, दुसरीत शार्क, आणि तिसरीत पोर्तुगीज तोफ, जी कालगणनेच्या दृष्टीने थोडी अडचणीची होती. मी एकदा सरळ विचारलं.

“गावी राहिला,” इनास म्हणाला, जणू छत्री राहिली असावी.

माणसाकडे बघायची त्याची रीत तळापासून वर अशी होती. पहिल्या भेटीत त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. माझे बूट दाराबाहेर होते, त्यातला एक उचलून तळवा पाहिला आणि म्हणाला, “टाच बाहेरून झिजते. पेंडसे, तुम्ही कोणाला तरी चुकवत चालता.” माझं लग्न तेव्हा ठरत होतं. मी विषय बदलला.

असा हा माणूस एका शुक्रवारी सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “पत्र लिहायचंय.”

त्याच्या हातात मासिकाचं एक पान होतं. आर्ने नावाचा नॉर्वेचा एक इंजिनियर घोटा मोडून त्याच्याकडे आला होता. इनासने त्याला असा बूट करून दिला की आर्ने निरोप घेताना त्याला लाकडी स्कीच्या दोन जोड्या देऊन गेला. माणसापेक्षा लांब, पुढून वर वळलेल्या अरुंद फळ्या. वाळवंटात नोकरीला येताना त्या त्याने का आणल्या होत्या, हे मी विचारलं नाही. मी पुण्याहून पाटा-वरवंटा आणला होता. सोबत हे पान होतं. त्यावर एका पायाचा एक माणूस बर्फातून चालला होता. त्याच्या छातीवर नंबर होता.

हा खेळ डोंगरावरून घसरत येण्याचा नव्हे. सपाट बर्फावर, चढ-उतारांवरून, हातातल्या काठ्या रोवत मैलोन्मैल सरकत जायचं, असा तो प्रकार. त्यात आंधळे, लुळे, पाय नसलेले यांच्या वेगळ्या शर्यती होतात आणि त्यांना देशोदेशींचे राष्ट्रीय संघ येतात. हे सगळं मी त्या पानावरून इनासला वाचून दाखवलं.

“हे कशाला हवंय तुम्हाला?” मी विचारलं.

त्याने फोटोवर बोट ठेवलं. “सगळीकडे पाय नसून असल्यासारखा चालतो का, ते बघतात. तिथे पाय नसला तरच आत घेतात. असलं दुसरं ठिकाण दाखवा मला.”

मी कागद घेतला.

दिल्लीतल्या एका कचेरीला मी चार पत्रं लिहिली. तीन महिन्यांनी उत्तर आलं: अर्ज विचाराधीन आहे, सरावाच्या ठिकाणी पुरेसं बर्फ उपलब्ध असल्याचा स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला जोडावा. मी ते इनासला वाचून दाखवलं. त्याने कागद हातात घेऊन उलटून पाहिला, जणू मागे तळवा असेल.

“राहू दे,” तो म्हणाला. “सराव तर करू.”

इथे युसूफ आला. युसूफ हिद्दचा, त्याच इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर. लहानपणापासून आंधळा. त्याचा आवाज अख्ख्या बहारीनला माहीत होता आणि त्याला अख्ख्या बहारीनचे आवाज. इनासच्या अगदी उलट, तो एक्स्चेंजवरून उठला तरी त्याचं बोलणं चालूच राही. घरात मुंबईशी व्यापाराचा जुना संबंध असल्यामुळे हिंदी बोले, स्वतःच्या व्याकरणाने. इनासला स्कीची दुसरी जोडी रिकामी पडलेली बघवत नव्हती, आणि त्या पानाच्या मागच्या बाजूला आंधळ्या माणसाचाही फोटो होता.

“मैं गिरूँगा तो?” युसूफने विचारलं.

“रेत है,” इनास म्हणाला.

“यल्ला, चलो,” युसूफ म्हणाला. राष्ट्रीय संघाची स्थापना ती इतकीच.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघायचो. स्की टपावर बांधलेल्या. मआमीरवरून जाताना रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्याने पहिल्या दिवशी गाडी थांबवून विचारलं, या फळ्या कुठल्या बोटीच्या? युसूफने काच खाली करून सांगितलं की बोट मागून येते आहे. पुढची चार वर्षं तो म्हातारा दर शुक्रवारी आमच्या मागे रस्त्याकडे बघत उभा असे.

दक्षिणेला सबखा आहे. भरतीचं पाणी मुरून सुकलेली खारी जमीन, वर मिठाचा पांढरा पापुद्रा. हिवाळ्यात पहाटेच्या दवाने तो ओलसर होई आणि त्यावर स्की थोडी सरके. लांबून बघितलं तर बर्फ. जवळून बघितलं तर दोन माणसं मिठावर ओझं ओढताहेत. मी गाडीच्या सावलीत थर्मास आणि पुस्तक घेऊन बसे आणि पुस्तक वाचत नसे.

आंधळ्याच्या पुढे एक डोळस गडी चालतो आणि त्याला वाट दाखवतो, हे पानावर होतं. कसं दाखवतो, हे नव्हतं. ते युसूफने सोडवलं. त्याचा आजा मोती काढणाऱ्या बोटीवर सैब होता. पाणबुडा तळाशी उतरतो तेव्हा वर राहून त्याचा दोर धरणारा तो सैब. दोराला हिसका बसला की सैब ओळखतो आणि ओढून घेतो. खाली-वर एक शब्द बोलायची सोय नसते. युसूफने आजाचा दोरच आणला, एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं इनासच्या. एक हिसका म्हणजे उजवीकडे, दोन म्हणजे डावीकडे, लांब ताण म्हणजे थांब. इनासला ही पद्धत इतकी मानवली की त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. माणसाने माणसाला न बोलता सगळं सांगायचं. अशी जगाची व्यवस्था असावी हे त्याचं जुनंच मत असणार.

दोन वर्षं ते असे चालले. दोराची अशी सवय झाली की इस्पितळाच्या व्हरांड्यातसुद्धा युसूफ इनासच्या शर्टाची मागची कड धरून चाले.

मग आर्नेचं पत्र आलं. त्याच्याच गावाजवळ दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात अशा शर्यती होत्या. त्याने आयोजकांना आमच्याबद्दल सांगितलं होतं, तिकिटांची सोयही तेच करणार होते. सोबत नियमांचं पुस्तक होतं. मी ते गाडीच्या बॉनेटवर ठेवून मोठ्याने वाचत गेलो आणि एका कलमापाशी थांबलो. वाटाड्याने स्पर्धकाला स्पर्श करायचा नाही. दोर, काठी, काही चालणार नाही. फक्त आवाजाने दिशा सांगायची.

युसूफ हसायला लागला. “रस्सी नहीं? ये बोलेगा? ये? चार साल में फोन पे मेरे को तीन बात बोला है. दो बार राँग नंबर था.”

इनासने कमरेचा दोर सोडला, गुंडाळला, माझ्या गाडीत ठेवला. त्या दिवशीचा सराव बघवला नाही. तो म्हणे, “उजवं.” मग पन्नास पावलं शांतता. मग, “डावं.” तोवर युसूफ पापुद्रा फोडून गुडघाभर चिखलात. तिसऱ्यांदा चिखलातून निघाल्यावर युसूफने स्की काढली आणि खाली बसला.

“सुन, इनास. तू बोलता नहीं ना, तो मेरे लिए तू है ही नहीं. पीछे आदमी नहीं, आगे आदमी नहीं. मैं अकेला रेत में खड़ा हूँ.”

इनास काही बोलला नाही. घरी येईपर्यंत नाही, आणि आठवडाभरही नाही. मला वाटलं, संघ बरखास्त झाला.

पुढच्या शुक्रवारी त्याने युसूफच्या पुढे उभं राहून काठ्या रोवल्या, घसा साफ केला आणि मराठीत सुरू केलं. “देवळातून बाहेर पडलो. समोर सरळ रस्ता. सरळ, सरळ, दोन्ही अंगाला केळी. उजव्या हाताला डाबऱ्यांची विहीर, उजवीकडे वळ, वळ, विहिरीवर बायका आहेत, बघू नकोस. आता सरळ. पावाची भट्टी आली, वास येतोय. डावीकडे, डावीकडे माझ्या चुलत्याचं कुंपण, वीतभर आमच्या जागेत घातलंय, जरा लागूनच चल…”

तो त्याच्या गावच्या देवळापासून, म्हणजे चर्चपासून, समुद्रापर्यंत निघाला होता.

मी थर्मासचं झाकण हातात घेऊन उभाच राहिलो. चार वर्षांत ऐकले नव्हते इतके शब्द त्या माणसाने अर्ध्या तासात काढले. युसूफला मराठी येत नव्हती, पण उजवं-डावं त्याने उचललं होतं, आणि बाकीचं त्याला कळायची गरज नव्हती. आवाज पुढे होता, तो त्याच्या मागे गेला. त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत मला त्या गावाची संपूर्ण माहिती झाली. कोणाच्या चिंचा गोड, कोणाचा कुत्रा चावरा, कोणी कोणाच्या लग्नाला का गेलं नाही. समुद्र आला की वाट संपायची. “समुद्र” म्हणजे थांब, असं ठरलं होतं.

फक्त एक जागा अशी होती की तिथे इनासचा आवाज बदले. भट्टी आणि कुंपण यांच्यानंतर शेतात पाणी ओढणारा रहाट लागायचा. मोठं लाकडी दातेरी चाक, बैलाने फिरवायचं. “रहाट,” तो म्हणे, “बाहेरून. बाहेरून जा. लांबून.” मिठाच्या सपाट मैदानावर, जिथे क्षितिजापर्यंत एक काडी नव्हती, तिथे दोघं मोठा वळसा घेऊन जायचे. एकदा युसूफने विचारलं.

“ये रहाट क्या है?”

“लकड़ी का चाक.”

“तू उधर डरता है.”

“हां,” इनास म्हणाला.

क्रेन, शार्क आणि तोफ, तिन्ही कथा मी त्या दिवशी मनातून काढून टाकल्या. कोणाला सांगितलं मात्र नाही.

जायच्या आधी फॉर्म आला. युसूफ बहारीनचा नागरिक. तिथल्या अधिकाऱ्याने बराच शोध घेतला आणि सांगितलं की कोणी कधी विचारलंच नसल्यामुळे मनाई करणारा नियम नाही, तेव्हा त्याने जावं. आता इनासचा प्रश्न. स्पर्धक म्हणून उतरायचं तर देशाची शिफारस हवी, आणि दिल्ली अजून बर्फाच्या दाखल्याची वाट बघत होती. वाटाड्या म्हणून जायचं तर कुठलाही देश चालत होता. फक्त एक अट होती, आणि ती मी दोनदा वाचली. वाटाड्या शारीरिकदृष्ट्या धडधाकट असावा, तसं डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं.

मी ते भाषांतर करून सांगताना त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. पाय नसला तरच आत घेतात अशा एकमेव ठिकाणी इनासला जायचं होतं, आणि तिथल्या दारावर पाय असल्याचा दाखला मागत होते.

“दुसरा वाटाड्या मिळेल युसूफला,” मी म्हणालो. “तुम्ही पुढच्या खेपेला स्वतःच्या नावाने जा. मी दिल्लीला पुन्हा लिहितो.”

“दुसऱ्याला गाव कुठे माहितीये,” इनास म्हणाला.

इस्पितळाचे डॉक्टर केरळचे होते, निवृत्तीला आलेले. इनासने केलेल्या पायांवर त्यांचे निम्मे रोगी फिरत होते. त्यांनी अट वाचली, चष्म्यावरून इनासकडे बघितलं, त्याला खोलीच्या टोकापर्यंत जाऊन यायला सांगितलं.

“चलता है ना?” डॉक्टर म्हणाले. “फिर हो गया.” आणि सही केली.

निघायच्या आदल्या आठवड्यात तिथल्या आमच्या मराठी मंडळाने सत्कार केला. ‘वाळवंटाकडून हिमशिखरांकडे’ असा फलक होता. अध्यक्ष पाऊण तास बोलले. उत्तुंग कडे, गरुडझेप आणि दरीत घोंगावणारा वारा यांचं त्यांनी असं वर्णन केलं की सपाट बर्फावर चालायचं आहे हे त्यांना सांगायचं माझ्याने झालं नाही. शाल-श्रीफळ झालं. युसूफने नारळ कानाशी नेऊन हलवला आणि माइकवर जाहीर केलं, “इसमें पानी है.” टाळ्या पडल्या. मग इनासला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माइकपाशी गेला, सभागृहाकडे पाहिलं. सगळ्यांचे पाय टेबलाखाली होते, त्यामुळे त्याला आधार काही नव्हता.

“थंडी असेल,” तो म्हणाला आणि खाली बसला. बरोबर दोन शब्द. अध्यक्षांना तो विनय वाटला.

शर्यतीला मी नव्हतो. मला कळलं ते युसूफकडून, आणि आर्नेच्या पत्रातून.

चूक अशी झाली की ती वाळूवर शिकलेल्या माणसांकडूनच व्हावी. वाळूत थांबायला शिकावं लागत नाही. तुम्ही जोर काढलात की वाळूच तुम्हाला थांबवते. चार वर्षांत या दोघांनी कधी ब्रेक लावला नव्हता, तो असतो हेही त्यांना माहीत नव्हतं. सपाटीवर ते सर्वांच्या मागे, पण नीट चालले. इनासचं गाव चालू होतं. विहीर झाली, भट्टी झाली. लोक दुतर्फा उभे राहून ऐकत होते, त्यांना वाटलं हा प्रार्थना म्हणतोय. मग शेवटचा उतार आला.

“पहले मालूम नहीं पड़ा,” युसूफने मला सांगितलं. हिद्दच्या त्याच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो, इनास शेजारी खजूर खात होता. “फिर हवा आया मुँह पे. और ये ज़ोर से बोलने लगा. सरळ, सरळ, सरळ! गाव इतना जल्दी कभी नहीं गया. कुंपण आया, आम आया, बंदर आया. मैं सोचा, अरे, आज रहाट नहीं आया!”

इनासने खजुराची बी हातात काढली. “विसरलो,” तो म्हणाला.

“समुद्र, समुद्र!” इनास ओरडला तेव्हा समाप्तीची रेघ मागे पडली होती. युसूफ ठरल्याप्रमाणे थांबला, म्हणजे बर्फात बसला. इनासला बसता आलं नाही. तो तसाच पुढे गेला, कुंपणाच्या जाळीत अडकला, आणि त्याची डावी स्की त्याला न घेता, बुटासकट, पायासकट, उतारावरून एकटीच पुढे निघून गेली. आर्नेने लिहिलं होतं की प्रेक्षक त्या पायाकडे बघत राहिले. मग एक लहान मुलगी पाय घेऊन आली.

पंचांची बैठक बसली. वाटाड्याला पाय नसेल तर काय करायचं याबद्दल पुस्तकात काही नव्हतं, त्यामुळे निकाल कायम राहिला. युसूफ शेवटचा आला होता. मुख्य पंच स्वतः इनासकडे आला आणि त्याने विचारलं, तुम्ही तुमच्या स्वतःच्या गटात का उतरला नाहीत?

“काय सांगितलंत?” मी इनासला विचारलं.

“फॉर्म दुसरा होता,” इनास म्हणाला.

पुढच्या खेपेसाठी मी दिल्लीला खरंच लिहिलं. उत्तर आलं नाही. तोवर युसूफचं लग्न झालं, मग मुलं झाली, शुक्रवार त्यांचे झाले. मआमीरचा म्हातारा अजून बोटीची वाट बघत असेल तर माझा इलाज नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी कायमचा पुण्याला परत निघालो, तेव्हा निरोप घ्यायला कार्यशाळेत गेलो. युसूफ आधीच आला होता, स्टुलावर बसून ऐकत होता. इनास पाठमोरा, एका पायाची घोट्याजवळची कड घासत होता. आणि तो बोलत होता. हळू, रंध्याच्या आवाजाखाली, पण सलग. आंब्याचं झाड आता पडलं, फिलूने कळवलंय. डाबऱ्यांनी विहीर बुजवली. चुलत्याने कुंपण आणखी वीतभर सरकवलं. युसूफ मधेमधे विचारत होता, “और भट्टी?” जागेवरून कोणी हललं नव्हतं, पण दोघं कुठेतरी चालले होते. मी दारात थोडा वेळ उभा राहिलो. मग इनासने मान वळवली आणि माझ्या बुटांकडे पाहिलं.

“टाच अजून तशीच,” तो म्हणाला.

त्याच्या डोक्यावर भिंतीला एक चौकट टांगलेली होती. मला वाटलं, शर्यतीचा निकाल असेल, म्हणून मी जवळ जाऊन वाचलं. ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं: इनास तुस्कानो, शारीरिकदृष्ट्या धडधाकट, कोणतंही व्यंग नाही. चौकट थोडी वाकडी लागली होती, कारण दोन्ही बाजूंना पाय टांगलेले होते आणि भिंतीवर तेवढीच जागा शिल्लक होती.